‘सैल सोडा’ म्हणण्यापूर्वी : आघात-सजग योगशिक्षणाचा एक अभ्यास

आपल्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात जमाखर्च, रुग्णसेवेचा आढावा आणि देणगीदारांची नामावली यांबरोबर एखाद्या विभागाच्या कार्यपद्धतीचा परिचय करून देणारा लेख समाविष्ट करण्याची प्रथा आहे. यंदा ही संधी योगोपचार विभागास मिळाली, याबद्दल आम्ही विश्वस्त मंडळाचे ऋणी आहोत. विभागास भेट देणारे हितचिंतक आणि रुग्णांचे नातेवाईक आम्हांस काही प्रश्न आवर्जून विचारतात. वर्ग इतका लहान का? शिक्षिका साधकांचे हातपाय धरून आसन सुधारीत का नाहीत? बाकीचे सर्व जण शवासनात असताना एखादा रुग्ण भिंतीला टेकून डोळे उघडे ठेवून नुसताच बसलेला असतो, त्यास कोणी काही म्हणत का नाही? हे प्रश्न रास्त आहेत. ज्या उपक्रमास समाजाने मदत केली, तेथे माणसे नुसतीच बसलेली दिसली तर शंका येणारच. प्रस्तुत लेखात या प्रश्नांचे उत्तर थोडे विस्ताराने देण्याचा आमचा प्रयत्न आहे.

कवायतीचा वारसा

महाराष्ट्रातील योगशिक्षणास मोठी परंपरा आहे. श्री योगेंद्र यांनी १९१८ साली मुंबईत ‘द योग इन्स्टिट्यूट’ची स्थापना केली. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास ‘कैवल्यधाम’ उभारले आणि योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम प्रयोगशाळेत तपासून पाहण्याचा पायंडा पाडला. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार आपल्या शाळांतून केला. योग हा मूठभर साधकांच्या गुहेतून सामान्य माणसाच्या अंगणात आला, याचे श्रेय या पिढीकडे जाते.

मात्र शाळा, व्यायामशाळा आणि मैदान या मार्गाने योग घरोघरी पोहोचल्यामुळे शिकविण्याची एक विशिष्ट रीतही त्याबरोबर आली. समोर उंच चौथऱ्यावर शिक्षक, खाली सरळ रांगा, ‘एक, दोन, तीन’ असे अंक, आणि सर्वांनी एकाच क्षणी एकाच स्थितीत यावयाचे. आपल्यापैकी बहुतेकांनी योग असाच शिकला आहे, आणि निरोगी मुलांच्या बाबतीत त्या रीतीने काही बिघडले असे आम्हांस वाटत नाही. शिस्तीचे, समूहाचे आणि एका लयीचे काही लाभही असतात. प्रश्न उद्भवतो तो हीच रीत रुग्णालयाच्या दालनात जशीच्या तशी आणली जाते तेव्हा.

रुग्णालयात येणारे शरीर हे मैदानावरील शरीर नव्हे. कोणाच्या छातीवर शस्त्रक्रियेचा व्रण आहे, कोणी अतिदक्षता विभागात कृत्रिम श्वसनयंत्रावर दिवस काढले आहेत, कोणाचा गर्भ पडला आहे, कोणी अपघातात जवळचे माणूस गमावले आहे, आणि कोणाच्या शरीरावर घरातल्याच माणसाने हात टाकला आहे. यांपैकी शेवटची गोष्ट रुग्णपत्रिकेवर क्वचितच लिहिलेली असते.

आघात म्हणजे काय, आणि तो कोठे राहतो

जीवावर बेतणारा प्रसंग, हिंसा किंवा अत्याचार यांतून माणूस वाचला तरी प्रसंग संपतोच असे नाही. दचकून उठणे, झोप न लागणे, तोच देखावा पुनःपुन्हा डोळ्यांपुढे येणे, विशिष्ट जागा वा माणसे टाळणे, सतत सावध राहणे ही लक्षणे महिनाभराहून अधिक काळ टिकून दैनंदिन जीवनात अडथळा आणू लागली तर मानसोपचारतज्ज्ञ त्यास ‘आघातोत्तर तणाव विकार’ म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांनी तो ‘पीटीएसडी’ या नावाने ओळखला जातो. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली आपल्या निदानसूचीत या विकारास प्रथम स्वतंत्र स्थान दिले.

अशा व्यक्तीची स्वायत्त मज्जासंस्था धोका टळल्यावरही पहारा सोडीत नाही. हृदयाची गती, स्नायूंचा ताण आणि श्वास यांवर त्या पहाऱ्याची छाया असते. काही जणांत याच्या उलटही घडते. शरीर सुन्न होते आणि हातपाय आपले नाहीतच असे वाटते. घरच्यांना ही अवस्था ‘शांत बसली आहे’ अशी दिसते, आणि वर्गातही तसेच दिसते. न हलता पडून राहिलेली रुग्णा विश्रांती घेत आहे की गोठली आहे, हे दुरून ओळखता येत नाही. आघात-सजग शिक्षकाचे निम्मे शिक्षण हा फरक ओळखण्यात जाते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

आघातातील सर्वांत खोल गोष्ट कोणती? त्या क्षणी माणसाच्या हाती काहीही नव्हते, ही. पळता आले नाही, अडवता आले नाही, ‘नको’ म्हटले तरी कोणी ऐकले नाही. म्हणून ज्या वर्गात पुन्हा दुसराच कोणी शरीरावर हुकूम चालवितो, तो वर्ग कितीही सद्हेतूने चालविलेला असला तरी अशा व्यक्तीस जुनाच प्रसंग नव्या वेषात भेटतो. ती काही बोलत नाही, तक्रार करीत नाही. पुढच्या आठवड्यापासून येत नाही, इतकेच.

खुर्ची, पट्टा आणि भिंत

सर्वांना एकच आसन एकाच प्रकारे जमले पाहिजे, या समजुतीस आपल्याच पुण्यात मोठा तडा गेला. बी. के. एस. अय्यंगार यांचा जन्म १९१८ चा, इन्फ्लुएन्झाच्या साथीतला. बालपण आजारांत गेले. १९३७ साली गुरू टी. कृष्णम्माचार्य यांनी त्यांना पुण्यास शिकविण्यासाठी पाठविले, तेव्हा त्यांना मराठी येत नव्हती. पुढे त्यांनी लाकडी ठोकळे, पट्टे, दोर, लोड, घडीची खुर्ची अशा साध्या वस्तूंच्या आधाराने आसने करविण्याची पद्धत विकसित केली. १९७९ साली स्कूटरच्या अपघातांत त्यांच्या स्वतःच्या पाठीस, खांद्यास व गुडघ्यास दुखापत झाली आणि सहज होणारी आसने त्यांना पुन्हा शिकावी लागली. ज्याच्या गुडघ्यात दुखते त्याने खुर्चीवर बसून, ज्याचा तोल जातो त्याने भिंतीला टेकून तेच आसन करावे, हा विचार आज जगभर रूढ आहे. त्यामागे पुण्यातील या वर्गांचा वाटा फार मोठा आहे.

त्यांच्या वर्गातील शिस्त कडक होती आणि त्यांचा हातही कठोर असे, हे लपविण्याचे कारण नाही. आज ज्यास आघात-सजग शिकविणे म्हणतात, ते तेथे होते असे आमचे म्हणणे नाही. तथापि शरीर आसनासाठी नसून आसन शरीरासाठी आहे, ही अर्धी वाट त्यांनी घालून दिली. त्या वाटेवरून पुढे गेलेले एक उदाहरण येथे सांगण्याजोगे आहे. अमेरिकेतील मॅथ्यू सॅनफर्ड हे १९७८ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, मोटार अपघातात छातीखाली लुळे झाले. त्याच अपघातात त्यांचे वडील व बहीण गेली. तरुणपणी ते अय्यंगार पद्धतीच्या एका शिक्षिकेकडे शिकले आणि पुढे चाकाच्या खुर्चीतून स्वतः योग शिकवू लागले. लुळ्या पायांतही काही जाणीव शिल्लक असते आणि तिच्याकडे लक्ष देता येते, हे त्यांनी स्वानुभवाने मांडले. पाय हलला नाही म्हणजे योग झाला नाही, असे मानणाऱ्यांनी त्यांचे कार्य अवश्य अभ्यासावे.

उरलेली वाट विसाव्या शतकाच्या अखेरीस आणि एकविसाव्याच्या आरंभी तयार झाली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात मानसोपचारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोल्क यांच्या आघातोपचार केंद्रात डेव्हिड इमर्सन या योगशिक्षकाने आघातग्रस्तांसाठी वर्ग सुरू केले. या वर्गांत त्यांनी नवे आसन एकही आणले नाही. उलट बऱ्याच गोष्टी वगळल्या. साधकाच्या अंगास हात लावणे वगळले. ‘अमुक करा’ हा आज्ञार्थ वगळला. पट्टेही वगळले, कारण ज्यास कधी बांधून ठेवण्यात आले होते त्यास पट्ट्याची नुसती भीती वाटू शकते. हे वाचताना आम्हांस तामिळनाडूतील एरवाडीची आठवण झाली. ६ ऑगस्ट २००१ रोजी तेथे लागलेल्या आगीत पंचवीसहून अधिक मनोरुग्ण साखळदंडांत बांधलेले असल्याने होरपळून मृत्युमुखी पडले. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने रुग्णास साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. पण कायदा येण्यापूर्वी बांधले गेलेले हात आजही आपल्यामध्ये आहेत. म्हणून पट्टा आम्ही कपाटात ठेवतो. साधकाने स्वतःहून मागितल्यासच तो बाहेर काढावा, हा आमचा दंडक आहे.

पुरावा काय सांगतो

रुग्णालयात कोणत्याही उपचाराबद्दल बोलताना पुरावा मागितला गेला पाहिजे. योगासही त्यातून सूट नाही.

वरील केंद्रातील संशोधन २०१४ साली प्रसिद्ध झाले. दीर्घकाळ उपचार घेऊनही बऱ्या न झालेल्या ६४ स्त्रियांना दोन गटांत विभागण्यात आले. एका गटास दहा आठवडे, आठवड्यातून एक तास आघात-सजग योग देण्यात आला, तर दुसऱ्यास तितकाच वेळ आरोग्यशिक्षण व आधार. दहा आठवड्यांनंतर योगगटातील ३१ पैकी १६ स्त्रिया पीटीएसडीच्या निकषांत बसेनाशा झाल्या. दुसऱ्या गटात हे प्रमाण २९ पैकी ६ होते. २०२३ साली अमेरिकेतील १३१ माजी महिला सैनिकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लष्करी सेवेत लैंगिक अत्याचारास सामोऱ्या गेलेल्या या स्त्रियांत आघात-सजग योगाची तुलना एका मान्यताप्राप्त मानसोपचार पद्धतीशी करण्यात आली. सुधारणेच्या बाबतीत दोन्ही उपाय जवळपास समान ठरले, मात्र योग पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण लक्षणीय अधिक होते. आमच्या दृष्टीने या अभ्यासाचे मोल त्या शेवटच्या वाक्यात आहे. जो उपचार अर्ध्यावर सोडावासा वाटत नाही, त्याची उपयुक्तता वेगळी सांगावी लागत नाही.

भारतातही काम झाले आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमानातील ४७ आपद्ग्रस्तांना आठवडाभर योग शिकविण्यात आला. त्यात शिथिलीकरणाच्या हालचाली, आसने, श्वासाचे नियमन व मार्गदर्शित विश्रांती यांचा समावेश होता. भीती, चिंता, दुःख आणि झोपेच्या तक्रारी कमी झाल्याची नोंद २००७ साली प्रसिद्ध झाली. अभ्यास लहान होता, काळही थोडा होता. तरीही छावणीत राहणाऱ्या, सर्वस्व गमावलेल्या माणसांना करता येईल असे काही होते, ही गोष्ट दुर्लक्षिण्यासारखी नाही.

एवढ्यावरून योगाने मानसिक आघात बरा होतो, असा दावा करणे धाडसाचे ठरेल. औषधे व मानसोपचार बंद करून कोणी आमच्याकडे येऊ नये. योग हा त्या उपचारांचा सोबती आहे, पर्याय नाही.

शिक्षिकेस काय सोडावे लागते

योगशिक्षकाचा अभ्यासक्रम त्यास पुष्कळ काही शिकवितो. आघात-सजग वाटेवर मात्र शिकलेल्यातील बरेच काही बाजूला ठेवावे लागते आणि हे काम नवे शिकण्याहून कठीण आहे. विभागात नव्याने येणाऱ्या शिक्षकांसाठी आम्ही जो अभ्यासवर्ग घेतो, त्याचा आरंभ भाषेपासून होतो.

‘शरीर सैल सोडा’ हे मराठी योगवर्गातील सर्वाधिक उच्चारले जाणारे वाक्य असावे. ते प्रेमाने म्हटले जाते. पण जिचा जीव सावध राहिल्यामुळेच वाचला, तिला सैल होणे म्हणजे पहारा उठविणे वाटते. ‘डोळे मिटा’ हेही तसेच. म्हणून आमच्या वर्गात ‘डोळे मिटावेसे वाटले तर मिटावेत, नाहीतर समोर एका जागी नजर ठेवावी’ असे सांगितले जाते. ‘हात वर!’ ऐवजी ‘हात जितके उचलावेसे वाटतात तितके उचलून पाहू या’. मराठीत विध्यर्थाची ही सोय फार चांगली आहे. ‘करावे’, ‘पाहावे’ या रूपांत आग्रह कमी होतो आणि आदर राहतो. सुरुवातीस शिक्षकांना ही वाक्ये लांबलचक व मिळमिळीत वाटतात. अंक मोजण्याची सवय असलेल्या जिभेस ती जड जातात. काही आठवड्यांनी जीभ वळते.

संबोधनाचेही तसेच आहे. आपल्याकडे पन्नाशीच्या बाईस ‘मावशी’ आणि सत्तरीच्या बाईस ‘आजी’ म्हणण्याची रीत आहे व ती बहुतेकींना आवडते. काहींना आवडत नाही. कोणास नात्याचे नाव आपुलकीचे वाटते, तर कोणास त्याच नात्याने दुखावलेले असते. पहिल्या दिवशी ‘आपणांस काय म्हणून हाक मारावी?’ एवढे विचारले की प्रश्न मिटतो.

स्पर्शाचा मुद्दा अधिक नाजूक आहे. गुरूने शिष्याच्या पाठीवर हात ठेवून आसन सरळ करावे, ही आपल्याकडे कृपा मानली जाते. त्यामुळे ‘हात लावू का?’ असे विचारले तर साधक संकोचाने ‘हो’च म्हणतो. ही संमती खरी असतेच असे नाही. २०१० नंतरच्या दशकात अनेक देशांतील नामांकित योगशिक्षकांविरुद्ध लैंगिक गैरवर्तनाचे आरोप पुढे आले, तेव्हा आसन सुधारण्याच्या नावाखाली झालेल्या स्पर्शाचीही चर्चा झाली. त्यानंतर काही वर्गांतून चटईजवळ ठेवायची संमतीची पत्ते-सोंगट्यांसारखी साधने वापरात आली. एका बाजूस ‘चालेल’, दुसऱ्या बाजूस ‘नको’. साधकास तोंडाने काही बोलावे लागत नाही आणि तासाच्या मध्येही मत बदलता येते. आमच्या वर्गात यापुढचा सोपा नियम आहे : पडणाऱ्यास सावरण्याखेरीज हात लावावयाचा नाही. आसन सुधारायचे असल्यास शिक्षिका स्वतः ते करून दाखवितात. त्यामुळे एखाद्याचा खांदा महिनोन्महिने थोडा वाकडाच राहतो. आम्हांस तो चालतो.

आता शवासन. नावातच शव आहे. अपघातातून वा आपत्तीतून नुकत्याच वाचलेल्या माणसास आपण सहजपणे ‘प्रेतासारखे पडा’ म्हणतो, याचा विचार क्वचितच केला जातो. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झाला. माणसे झोपेत होती, दगडमातीची घरे त्यांच्या अंगावर आली आणि सुमारे दहा हजार जीव गेले. अशा आपत्तीतून वाचलेल्यास छताखाली, अंधारात, पाठीवर, डोळे मिटून पडण्यास सांगणे हे विश्रांतीचे निमंत्रण ठरत नाही. पाठीवर पडलेल्या स्थितीत पोट व छाती उघडी असतात. अत्याचार सोसलेल्या स्त्रीस ते अवघड जाते. म्हणून आम्ही या भागास ‘विसावा’ म्हणतो. कुशीवर वळून, पालथे होऊन मकरासनात, भिंतीला टेकून किंवा खुर्चीवर बसून तो घेता येतो. अंगावर चादर घेता येते. प्रारंभी उल्लेखिलेला भिंतीला टेकून बसलेला रुग्ण म्हणजे विसावा घेणारा साधक होय. पतंजलींनी आसनाची ओळख स्थैर्य आणि सुख या दोन शब्दांनी करून दिली आहे, त्यांतील दुसरा शब्द त्या भिंतीपाशी त्यास सापडत असेल तर आणखी काय हवे?

श्वासाबाबतही सावधगिरी लागते. संथ श्वास आणि त्याहून थोडा लांब उच्छ्वास यांमुळे हृदयाची गती मंदावते व परानुकंपी मज्जासंस्थेचे काम वाढते. हा भाग बहुतेकांना मानवतो. पण कुंभकात श्वास रोखल्यावर रक्तातील कर्बद्विप्राणील वायू वाढतो आणि ज्यांना भीतीचे झटके येतात अशांपैकी अनेकांना एवढ्याने गुदमरल्याचा भास होऊन झटका येऊ शकतो. जोरकस भस्त्रिका व कपालभातीने चक्कर व मुंग्या येतात. त्यांची जातकुळी भयाच्या लक्षणांशी इतकी जुळते की शरीर फसते. दूरचित्रवाणीवर पाहून कपालभाती सुरू करणाऱ्या आपल्या बांधवांनी याची नोंद घ्यावी. आम्ही आघातग्रस्तांना प्रथम श्वास बदलण्यास सांगतच नाही. तो कोठे जाणवतो एवढेच पाहावयास सांगतो, आणि जाणवत नसेल तर पायाचे तळवे फरशीला टेकलेले जाणवतात का, ते.

न विचारण्याची खबरदारी

वर्गातील कोणावर आघात झाला आहे, हे शिक्षिकेस कसे कळते? बहुधा कळत नाही, आणि कळण्याची आवश्यकताही नाही. एड्सच्या साथीनंतर, १९८० च्या दशकात रुग्णालयांनी एक तत्त्व स्वीकारले : प्रत्येकाचे रक्त संसर्गजन्य असू शकते असे मानून प्रत्येकाच्या बाबतीत हातमोजे घालावेत. त्यामुळे कोणाकडेही बोट दाखवावे लागत नाही. आम्ही तेच तत्त्व योगवर्गास लावतो. समोरच्यांपैकी कोणीतरी काहीतरी सोसले आहे असे गृहीत धरून वर्ग सर्वांसाठी सारखाच चालतो. प्रवेशपत्रिकेत रक्तदाब, मधुमेह, काचबिंदू, हर्निया, गर्भारपण, अपस्मार, शस्त्रक्रिया यांची विचारणा असते, कारण त्यावरून आसने ठरतात. शीर्षासनात डोळ्यांतील दाब सुमारे दुपटीने वाढतो, असे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले आहे. आयुष्यात काय घडले, याचा रकाना पत्रिकेत नाही.

एखादी साधक वर्गात अचानक थरथरू लागली, रडू लागली वा गोठली तर शिक्षिका तिला मिठी मारीत नाहीत व कारणही विचारीत नाहीत. थोड्या अंतरावर, तिला दिसेल अशा जागी बसून, दालनात काय काय दिसते ते शांतपणे सांगतात. खिडकी, पडदा, घड्याळ. तिला पाणी हवे का, बाहेर जावेसे वाटते का, हे विचारतात. तिची इच्छा असल्यास मानसोपचार विभागाशी भेट ठरवून देतात. योगशिक्षक हा समुपदेशक नव्हे. ही मर्यादा पाळणे हेच त्याच्या कौशल्याचे लक्षण आहे, असे आमचे मत आहे.

दालनाचीही शिस्त आहे. दार दिसेल अशा रीतीने सर्वांना बसता यावे, दारास कडी नसावी, मागून कोणी चालू नये, दिवे एकदम मालवू नयेत. आरसा नाही. ज्यांना कमी ऐकू येते त्यांना शिक्षिकेचे ओठ दिसावेत म्हणून त्या खिडकीकडे पाठ करून उभ्या राहत नाहीत. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक हालचाल शब्दांत सांगितली जाते. साडी, सलवार, लुंगी कोणताही पोशाख चालतो, पोशाखाच्या अडचणीमुळे कोणी घरी बसू नये. ओंकार म्हणावा की न म्हणावा हे ज्याचे त्याने ठरवावे. विविध धर्मांचे रुग्ण आपल्याकडे येतात आणि त्या मिनिटात नुसते शांत बसण्यास कोणाचीच हरकत नसते. स्त्रियांची रांग व पुरुषांची रांग अशी विभागणी आम्ही ठेवलेली नाही, कारण तृतीयपंथी व्यक्तीने कोणत्या रांगेत बसावे, हा प्रश्न तिच्यावर दारातच टाकला जातो. मात्र ज्या स्त्रियांना केवळ स्त्रियांसोबतच मोकळे वाटते, त्यांच्यासाठी स्वतंत्र वर्ग आहे. या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटतील. व्यवहारात दोहोंची गरज आहे.

या सर्वांसाठी खर्च येतो, तो बहुतांशी मनुष्यबळाचा. आठ-दहा जणांच्या वर्गास एक शिक्षिका व एक साहाय्यक लागतात. मैदानावर तेवढ्याच वेतनात दोनशे जण बसतील. प्रतिव्यक्ती खर्चाचा हिशेब मांडणाऱ्यास हे व्यस्त वाटेल, हे आम्ही जाणतो. २०१५ पासून दरवर्षी २१ जून रोजी साजऱ्या होणाऱ्या आंतरराष्ट्रीय योगदिनी मोठ्या मैदानांवरील दृश्ये आपण पाहतो. त्यांचे प्रयोजन वेगळे आहे, आमचे वेगळे. घडीच्या खुर्च्या, जाड पडदे, चादरी आणि लोड या वस्तू आमच्या गरजेच्या यादीत आहेत. त्या कोणास जुन्या परंतु सुस्थितीतील द्यावयाच्या असतील तरी स्वागत आहे. खुर्ची मात्र हात नसलेली व न डगमगणारी असावी.

अहवालातील इतर लेखांबरोबर विभागाची छायाचित्रे आहेत, या लेखाबरोबर नाहीत, याबद्दलही विचारणा होईल. वर्ग चालू असताना छायाचित्र घेतले जात नाही आणि नंतर त्यासाठी कोणास बसविलेही जात नाही. आपण दिलेल्या मदतीचे दृश्य आपणांस पाहता यावे, ही अपेक्षा योग्यच आहे. वर्ग नसेल त्या वेळी दालन पाहण्यास जरूर यावे. शिक्षिका भेटतील आणि सर्व माहिती देतील.

नातेवाईकांसाठी काही सूचना

आपल्या माणसास वर्गास घेऊन येताना ‘आज काय काय केलेस?’ असे लगेच विचारू नये. घरी आसने करवून घेऊ नयेत. त्याने स्वतः केली तर करू द्यावीत. एखाद्या दिवशी येण्यास नकार मिळाला तर तो मानावा, जागा राखून ठेवली जाते. औषधांच्या वेळा बदलू नयेत. नातेवाईकांनी वर्गाच्या दारात न थांबता व्हरांड्याच्या टोकाशी बाकावर बसावे, तेथून दार दिसते आणि आतल्या माणसासही आपण दिसता. पहिल्या दिवशी रुग्णाबरोबर आत बसावयाचे असल्यास बसता येईल, परंतु हे रुग्णास विचारूनच ठरविले जाईल, आणि ते त्याला एकट्याला, आपण बाजूस नसताना विचारले जाईल.